आठवड्याची आढावा मीटिंग दीड तास चालते, निर्णय मात्र होत नाहीत. कुठून सुरुवात करावी?

प्रश्न: नियोजन_टेबल

नमस्कार. आमच्याकडे दर सोमवारी आढावा मीटिंग असते. विक्री, उत्पादन, खरेदी, गुणवत्ता, स्टोअर आणि अकाउंट्स मिळून १२ जण बसतात. कॅलेंडरवर एक तास, प्रत्यक्षात दीड. अजेंडा कायम तोच: मागील मीटिंगचा आढावा, विभागवार आढावा, आयत्या वेळचे विषय. ज्यावर खरोखर काही ठरवायचं असतं ते हमखास आयत्या वेळच्या विषयांत येतं आणि तोवर निम्म्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं. मिनिट्स (मीटिंगचं इतिवृत्त) गुरुवारी जातात. पुढच्या सोमवारी "असं ठरलंच नव्हतं" इथून गाडी पुन्हा सुरू.

पुढच्या महिन्यापासून ही मीटिंग चालवायची जबाबदारी माझ्याकडे येते आहे. बसणाऱ्यांपैकी निम्मे पदाने माझ्या वरचे आहेत. "अजेंडा आधी पाठवा, वेळ पाळा" एवढं सगळेच सांगतात. नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने बदलायचं, ते हवं आहे.

उत्तर १: काटेकोर

आधी हिशेब मांडून बघा. १२ जणांनी पाच-पाच मिनिटं घेतली की तास संपला, कुणीही पाल्हाळ न लावता. म्हणजे तुमची मीटिंग लांबत नाही, ती आखतानाच दीड तासाची आखलेली आहे. विभागवार आढावा तोंडी घेणं बंद केल्याशिवाय बाकी काहीही बदलून उपयोग नाही. वेळ पाळायला सांगितलंत तर लोक तेच पाच मिनिटांचं साडेचार मिनिटांत सांगतील.

आढावा कागदावर घ्या. सगळ्यांना उघडता येईल असं एक सामायिक शीट. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक विभागाने पाच रकाने भरायचे: आठवड्याचं लक्ष्य, प्रत्यक्ष, फरक, फरकाचं कारण, कुणाकडून काय हवं. लक्ष्य पूर्ण झालंय आणि शेवटचा रकाना रिकामा आहे, त्या ओळीवर मीटिंगमध्ये एक शब्दही बोलायचा नाही. चर्चा फक्त घसरलेल्या ओळींवर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही जणांना आपलं चांगलं काम सांगायला मिळालं नाही असं वाटेल. ते खरंही आहे. विभागप्रमुखाने शीटवर त्या ओळीखाली दोन शब्द लिहिले तरी पुरतं.

आता अजेंडा. "पॅकिंग मटेरियल" असं लिहिलं की प्रत्येक जण आपल्या डोक्यातलं पॅकिंग मटेरियल घेऊन येतो: एक दर, दुसरा दर्जा, तिसरा उशीर. तेच प्रश्न म्हणून लिहा: "पॅकिंग मटेरियलसाठी या तिमाहीत दुसरा पुरवठादार नेमायचा का? नेमायचा तर आलेल्या दोन कोटेशनपैकी कोणतं?" उत्तर काय स्वरूपात हवंय हे वाचतानाच कळतं. प्रत्येक विषयापुढे चार गोष्टी हव्यात: माहितीसाठी आहे, चर्चेसाठी की निर्णयासाठी, विषय कोण मांडणार, मिनिटं किती, आधी वाचायचा कागद कोणता. ज्याला आपला विषय प्रश्नाच्या रूपात लिहिता येत नाही, त्याचा विषय अजून पिकलेला नाही. तो परत पाठवा.

एका तासाच्या मीटिंगमध्ये विषयांच्या मिनिटांची बेरीज ४५च्या वर जाऊ देऊ नका. शेवटची ८ मिनिटं ठरलेलं वाचून दाखवायला लागतात आणि ७ मिनिटं कुठे ना कुठे सांडतातच. निर्णयाचे विषय सगळ्यात आधी घ्या, लोक ताजे असताना. विषय गुरुवारी दुपारपर्यंत मागवा, अजेंडा शुक्रवारी पाठवा. आयत्या वेळचे विषय हा मथळा काढूनच टाका. मंडळाच्या औपचारिक सभेत त्याला जागा असते, कामाच्या मीटिंगमध्ये तो तयारी न करण्याचा परवाना ठरतो. खरंच काही पेटलं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन येतोच.

आणि १२ जण का? माणसं वाढली की आपापसातल्या जोड्या त्याहून वेगाने वाढतात: ६ जणांत १५, १२ जणांत ६६. गैरसमज, टोमणे, जुने हिशेब या सगळ्यांना तेवढ्या वाटा मिळतात. प्रत्येक निर्णयासाठी विचारा: याच्याशिवाय निर्णय अडेल का? ज्याला फक्त कळायला हवं, त्याला मिनिट्स पुरतात. ज्याचा एकच विषय आहे, त्याला तेवढ्यापुरतं बोलवा, म्हणजे तो विषय सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवावा लागेल.

अजून एक सापळा. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये हे मांडलं: समिती अणुभट्टीचा प्रचंड खर्च काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते. कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही, शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं. त्यामुळे मिनिटं वाटताना विषय किती चघळला जाईल हे न बघता चूक झाली तर किती महागात पडेल ते बघा. ठरावीक रकमेखालचे खर्च विभागप्रमुखांच्या अधिकारात टाकून घेतलेत तर अर्ध्या शेड अजेंड्यावर येणारच नाहीत.

उत्तर २: इतिवृत्त_लेखक

गुरुवारी मिनिट्स जातात, तिथेच "असं ठरलंच नव्हतं"चं मूळ आहे. तीन दिवसांत प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीची होते.

मिनिट्स नंतर लिहू नका. मीटिंग चालू असताना स्क्रीनवर सगळ्यांसमोर टाइप करा. वाक्य पसंत नसेल तर आक्षेप तिथेच निघतो, दुरुस्ती तिथेच होते. मीटिंग संपल्यावर तासाभरात तेच पाठवायचं. खाली एक ओळ: हरकत असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवावी, नंतर हेच ग्राह्य धरलं जाईल. ही ओळ पहिल्यांदा विभागप्रमुखांच्या नावाने जाऊ द्या.

काय लिहायचं? कोण काय म्हणालं ते नको. ते वाचून लोक पुन्हा भांडतात. निर्णयाच्या नोंदीत पाच गोष्टी असतात: काय ठरलं, का ठरलं, कोणता पर्याय नाकारला, कधीपासून लागू, आणि काय घडलं तर हा विषय पुन्हा उघडायचा. चौथीपर्यंत बरेच जण लिहितात. पाचवी लिहीत नाहीत आणि तीच सगळ्यात कामाची आहे. "दुसऱ्या पुरवठादाराचा रिजेक्शन दर सलग दोन महिने ३ टक्क्यांच्या वर गेला तरच पुनर्विचार" असं एकदा लिहिलंय म्हटल्यावर दर सोमवारी कुणी तो विषय उकरून काढू शकत नाही. आणि खरंच तशी वेळ आली तर उघडायला कुणाची मनधरणीही लागत नाही.

कामांच्या नोंदीत एकच नाव. "खरेदी व गुणवत्ता विभाग" असं लिहिलंत की दोघंही एकमेकांची वाट बघतात. मदतीला कितीही जण असोत, विचारायचं कुणाला ते एकच. क्रियापद असं हवं की काम झालं की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता यावं. "पाठपुरावा करणे", "लक्ष घालणे", "समन्वय साधणे" ही कामं नाहीत. "तीन पुरवठादारांकडून लेखी दर मागवून तुलनात्मक तक्ता शीटवर टाकणे" हे काम आहे. तारीख म्हणजे तारीख. "लवकरात लवकर" आणि "पुढील आठवड्यात" चालणार नाही.

आणि गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकू नका. टाकावंच लागलं तर त्याला कळवायची जबाबदारी उपस्थितांपैकी एकाच्या नावावर लिहा.

निर्णयांची वही वेगळी ठेवा: एकच फाइल, वर्षभराचे निर्णय, अनुक्रमांक आणि तारखेसह. कामं संपतात, निर्णय राहतात. दोन्ही एकाच मिनिट्समध्ये पुरले की सहा महिन्यांनी शोधताना दमछाक होते. एखादं काम दोनदा पुढे ढकललं गेलं तर तिसऱ्यांदा नुसती तारीख बदलायची नाही. एक तर ते सोडून द्या, नाहीतर लहान करा, नाहीतर माणूस बदला.

हे सगळं अंतर्गत कामाच्या मीटिंगसाठी. संचालक मंडळाची किंवा भागधारकांची सभा असेल तर गणपूर्ती, सूचनेची मुदत, इतिवृत्ताचा नमुना आणि सह्या हे कायद्याने व नियमावलीने ठरलेलं असतं. तिथे हा आटोपशीर प्रकार चालत नाही.

नियोजन_टेबल

दोघांचेही आभार. शीट आणि स्क्रीनवर मिनिट्स हे लगेच करता येईल. अडचण माणसांची आहे. आमचे साहेब पहिल्याच मिनिटाला आपलं मत सांगतात, मग बाकीचे माना डोलावतात. एक वरिष्ठ कोणताही विषय आपल्या विभागाच्या मनुष्यबळाकडे नेतात. तीन-चार जण दर वेळी दहा मिनिटं उशिरा येतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. मी धाकटा, थांबवायचं कसं?

उत्तर ३: खुर्चीमागचा

धाकटेपणाचा बाऊ करू नका. मीटिंग चालवणाऱ्याचा अधिकार पदातून येत नाही, अजेंड्यातून येतो. तुम्ही साहेबांना थांबवत नाही, त्यांनीच मान्य केलेल्या कागदावरच्या वेळेची आठवण देता. म्हणून पहिली पायरी मीटिंगच्या बाहेरची आहे: अजेंडा पाठवण्याआधी साहेबांसोबत दहा मिनिटं बसा. प्रत्येक निर्णयाच्या विषयावर एकच विचारा: "यात अंतिम निर्णय तुमचा आहे, की सगळे मिळून ठरवतील ते तुम्हाला चालेल?" उत्तर अजेंड्यावर लिहा. साहेबांचं आधीच ठरलेलं असेल तर तो विषय निर्णयाचा नाही, माहितीचा आहे. तसाच मांडा. चर्चेचं नाटक लोक लगेच ओळखतात आणि पुढच्या खऱ्या चर्चेतही गप्प बसतात.

दुसरी विनंती: "तुम्ही शेवटी बोलाल का? बाकीचे मोकळेपणाने बोलतील." एकट्यात, आधी विचारलं तर बहुतेक साहेब हो म्हणतात. सगळ्यांसमोर विचारलंत तर टोमणा वाटेल.

तरीही राहवलं नाही तर? म्हणून तोंडी चर्चेआधी तीन मिनिटं शांतपणे लिहायला द्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी: कोणता पर्याय, आणि त्यातला सगळ्यात मोठा धोका कोणता. मग पदाने सर्वांत धाकट्यापासून वाचायला सुरुवात. एकदा कागदावर उतरलेलं मत साहेबांचा चेहरा बघून सहजासहजी बदलत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५१च्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखण्यासारख्या सरळ गोष्टीतही, बाकी सगळे एकमुखाने चुकीचं सांगतात म्हटल्यावर साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने झुकली. गटातला एक जण जरी खरं बोलला की हे झुकणं झपाट्याने कमी व्हायचं. चिठ्ठ्यांचं काम तेच आहे: तो एक जण आधीच कागदावर आलेला असतो.

नव्या कल्पना हव्या असतील तेव्हा तर लिहिणं आणखीच गरजेचं. पाळी येईपर्यंत माणूस एक तर आपली कल्पना विसरतो किंवा दुसऱ्याचं ऐकण्यात नवीन सुचायचं थांबतं. मानसशास्त्रज्ञ मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं आहे. आधी एकेकट्याने लिहा, मग एकत्र निवडा.

मनुष्यबळवाल्या वरिष्ठांसाठी फळ्यावर एक कोपरा राखा: "बाजूला ठेवलेले विषय". वाक्य साधं: "सर, हा मुद्दा कोपऱ्यात लिहून ठेवतो. आत्ता पुरवठादाराचं ठरवायचंय, सहा मिनिटं उरली आहेत." आणि खरंच लिहा, त्यांच्याच शब्दांत. लिहिलेलं दिसलं की माणूस बहुधा थांबतो. पण तो कोपरा कचरापेटी झाला तर दोन आठवड्यांत कुणी विश्वास ठेवणार नाही. मीटिंग संपताना त्यातल्या प्रत्येक ओळीचं काही ना काही करा: पुढच्या अजेंड्यावर, कुणाच्या नावावर, किंवा सगळ्यांसमोर काट. तोच मुद्दा चार-पाच वेळा कोपऱ्यात आला तर मग तो खरा विषय आहे. त्याला हक्काची वीस मिनिटं द्या.

उशिरा येणाऱ्यांसाठी उजळणी बंद. उजळणी म्हणजे वेळेवर आलेल्यांना शिक्षा. स्क्रीनवर मिनिट्स चालूच आहेत, आलेल्याने वाचून घ्यावं. इथे मात्र काटेकोर यांच्याशी माझं जमत नाही: निर्णयाचा विषय पहिल्या मिनिटाला घेऊ नका. ज्याच्या सहीवाचून तो अडतो नेमका तोच उशिरा आला तर तुम्हाला उजळणी करावीच लागेल. पहिली पाच मिनिटं मागच्या आठवड्यातल्या मुदत टळलेल्या कामांना द्या. "झालं की नाही" एवढंच. "का नाही" हे तिथे विचारायचं नाही. आपलं नाव वाचलं जातंय म्हटल्यावर पाय आपोआप उचलतात.

निर्णय झाला असं कधी समजायचं? शांततेला होकार समजू नका. "सगळ्यांना मान्य?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्यावर कुणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी: "हे करूच नये असं वाटण्यासारखी कुणाची हरकत आहे का?" आणि पाच-सहा सेकंद खरोखर थांबा. ती शांतता अवघड वाटते, पण हरकत तेव्हाच बाहेर येते.

शेवटचं: चालवणारा, घड्याळ बघणारा आणि लिहिणारा ही तीन कामं तुम्ही एकट्याने करू नका. लिहिणारा दर महिन्याला बदला. आणि तुमच्या स्वतःच्या विभागाचा विषय असेल तेव्हा खुर्ची दुसऱ्याकडे द्या.

उत्तर ४: दूरस्थ

कुणी खोलीत आणि कुणी ऑनलाइन असं असेल तर थोडं वेगळं. खोलीतल्यांचे लॅपटॉप जोडलेले असले तरी माइक आणि स्पीकर एकाच यंत्राचा चालू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. प्रत्येक फेरीत ऑनलाइन माणसांना आधी बोलवा, नावाने. आवाज पोचायला लागणाऱ्या त्या किंचित उशिरामुळे खोलीतला माणूस नेहमी आधी तोंड उघडतो आणि स्क्रीनवरचा "नाही, तुम्ही बोला" म्हणत राहतो. फळ्यावर लिहिलेलं कॅमेऱ्यातून वाचता येत नाही, तेव्हा तो कोपरा सामायिक फाइलमध्येच ठेवा.

पाठोपाठ मीटिंग असतील तर गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग छोट्या करण्याची सेटिंग आहे, तासाची ५० मिनिटं होतात. पण लोक पन्नासाव्या मिनिटाला उठत नाहीत. पाच-दहा मिनिटं उशिराची सुरुवात ठेवली तर ती जास्त पाळली जाते. आउटलुकमध्ये लवकर संपवणं किंवा उशिरा सुरू करणं, दोन्ही पर्याय मिळतात.

उत्तर ५: वजाबाकी

वर सगळं बरोबर आहे, फक्त एक गृहीत धरलंय की मीटिंग दर सोमवारी व्हायलाच हवी. १२ जण गुणिले दीड तास म्हणजे १८ मनुष्य-तास, एका माणसाचे सव्वादोन दिवस, दर आठवड्याला. तेवढ्यात ठरतं काय? शुक्रवारी निर्णयाचा एकही विषय आलेला नसेल तर सोमवारची मीटिंग रद्द करा, शीट वाचा म्हणावं. वेळ मात्र कॅलेंडरवर राखूनच ठेवा. ती सोडलीत तर त्याच विषयांवर आठवडाभर चार छोट्या मीटिंग उगवतात आणि त्यात नेमका हवा तो माणूस नसतो. मालिकेला शेवटची तारीख टाका, तीन महिन्यांची. तेव्हा ती पुन्हा मागून घ्यावी लागली पाहिजे.

दुसरं, शीट कुणी वाचून येणार नाही. गृहीतच धरा. त्यावर रागावण्यापेक्षा मीटिंगमध्येच वाचायला वेळ द्या. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या मीटिंगमध्ये स्लाइड बंद झाल्या. त्याऐवजी सहा पानांपर्यंतचं टिपण येतं आणि सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. तुम्हाला सहा पानं नकोत. निर्णयाच्या विषयाला एक पान: प्रश्न, पर्याय, खर्च, मांडणाऱ्याची शिफारस. एका पानाला तीन मिनिटं धरा.

सगळं जोडून पहिल्या सोमवारचा तास असा दिसेल: मुदत टळलेली कामं ५, दोन टिपणांचं वाचन ६, पहिला निर्णय १६, दुसरा निर्णय १०, शीटवरच्या घसरलेल्या ओळी ८. झाली ४५. मग ठरलेलं वाचून दाखवणं ८, सांडायला ७. तिसरा निर्णय कोंबू नका. पहिल्याच दिवशी वेळेवर संपली पाहिजे, नाहीतर नवं काही झालंय यावर विश्वास बसणार नाही.

सुधारणा होतेय की नाही हे लोकांना विचारून कळत नाही, ते "छान" म्हणतात. दोन आकडे ठेवा: दिलेल्या तारखेला पूर्ण झालेल्या कामांचं प्रमाण, आणि आधी झालेला निर्णय पुन्हा उघडला गेल्याचे प्रसंग. दुसरा आकडा खाली येत नसेल तर दोष चर्चेत नाही, निर्णय कोणाचा हे आधी न ठरवण्यात आहे.

नियोजन_टेबल

हे छापूनच ठेवतो. एकच राहिलं. विभागप्रमुख येत नाहीत, प्रतिनिधी पाठवतात आणि तो प्रत्येक गोष्टीला "सरांना विचारून सांगतो" म्हणतो. तिथे निर्णय अडतो.

उत्तर ३: खुर्चीमागचा

अजेंड्यासोबत लिहा की प्रतिनिधी चालेल, पण त्याला कोणत्या विषयात कुठपर्यंत हो म्हणता येईल हे प्रमुखांनी रविवार संध्याकाळपर्यंत एका ओळीत कळवावं. "दर ५ टक्क्यांपर्यंत वाढला तरी चालेल, त्यावर मला फोन" इतकंही पुरे. ओळ आली नाही तर प्रतिनिधी ऐकायला बसेल आणि निर्णय उपस्थितांत होईल. तो प्रमुखांना त्याच दिवशी मिनिट्समधून जाईल, उद्या संध्याकाळपर्यंतची हरकतीची मुदत त्यांनाही लागू. हा नियम साहेबांच्या ईमेलवरून जाऊ द्या, तुमच्या नाही. मात्र तो निर्णय राबवायचं काम त्याच विभागाचं असेल तर असं करू नका. विषय एक आठवडा पुढे घ्या आणि त्या दहा मिनिटांसाठी प्रमुखांना फोनवर घ्या.